१६५ वॅटचा ‘ब्लॅक बॉक्स’ एलईडी रीफ टँकवर: वर्षभराच्या वापरानंतर

बाजारात हा दिवा डझनभर नावांनी मिळतो. काळ्या पत्र्याचा खोका, तळाला ५५ एलईडी, वर दोन पंखे, बाजूला निळ्या आणि पांढऱ्या चॅनेलचे दोन नॉब. स्टिकर बदलतं, आतला माल जवळपास तोच. ब्रँडेड रीफ लाइटच्या साधारण तिसऱ्या हिश्शात येतो, म्हणून रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) पाळायचा खाऱ्या पाण्याचा टँक, पहिल्यांदा मांडणाऱ्याची नजर हमखास याच्यावर जाते. इथला टँक २४ × १८ × १८ इंचांचा, म्हणजे काठोकाठ सुमारे १२७ लिटर. त्यातले कोरल असे: खाली मशरूम, झोअँथिड आणि लेदर, मध्यावर हॅमर आणि टॉर्च, सर्वात वर माँटिपोरा. वर्ष उलटून गेल्यावर मत असं: उजेड गरजेपेक्षा जास्तच आहे. खोट आहे ती उजेड पसरण्यात, पंख्यांत आणि टायमरच्या व्यवस्थेत. या तिन्हींवर थोडा वरखर्च करायची तयारी असेल तर बेलाशक घ्या.

आधी १६५ वॅटचं कोडं. ५५ एलईडी गुणिले ३ वॅट, असा तो हिशोब. प्रत्यक्षात ड्रायव्हर (एलईडींना करंट पुरवणारा आतला भाग) त्यांना सुमारे ६०० मिलिअँपिअरच देतो, त्यामुळे दोन्ही नॉब पूर्ण फिरवले तरी प्लगवर १०५ ते ११० वॅटच दिसतात. यात फसवणूक शोधू नका. कमी करंटवर एलईडी थंड राहतो आणि जास्त टिकतो. मात्र प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर जरूर घ्या. नॉबवरच्या खुणा बिनकामाच्या आहेत: पहिल्या १०-१५ टक्क्यांत दिवा लागतच नाही किंवा थरथरतो, आणि पुढे थोडं फिरवलं की उजेड एकदम उडी मारतो. त्यामुळे सेटिंग टक्क्यांत लिहून ठेवू नका, वॅटमध्ये ठेवा. इथे रोजचं सेटिंग ४० वॅटच्या आसपास आहे. नऊ तासांचे महिन्याला दहा-अकरा युनिट होतात.

कोरलला लागणारा उजेड पारमध्ये (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणाऱ्या उजेडाचं माप) मोजतात, लक्समध्ये नाही. मशरूम आणि लेदर ५० ते १०० पारवर खूश असतात. हॅमर-टॉर्चला ८० ते १५० पुरे. माँटिपोराला २०० च्या आसपास, आणि ॲक्रोपोराला २५०-३५० तरी हवा. दिवा पाण्यापासून १० इंच उंच, निळा जेमतेम अर्धा आणि पांढरा नावापुरता ठेवला, तर मधोमध सहा इंच खोलीवर १९० च्या आसपास पार मिळतो, वाळूवर मध्यभागी ९०. कोपऱ्यांत मात्र तोच आकडा ४० च्या खाली घसरतो. याचं कारण एलईडींवर बसवलेल्या ९० अंशांच्या लेन्स. त्या उजेड सरळ खाली फेकतात. दिवा १४ इंचांवर नेला की मधला पार उतरतो आणि कोपरे थोडे वर येतात. म्हणून नॉब वाढवण्याआधी उंची वाढवा. २४ इंचांपर्यंतच्या टँकला एक दिवा चालतो, ३६ इंचांच्या टँकला एका दिव्यात भागवू पाहणाऱ्याच्या दोन्ही बाजू अंधारात जातात.

पार मीटर विकत घ्यायची गरज नाही, ओळखीतल्या एखाद्याचा दोन दिवसांसाठी आणा. अपोजीचा एमक्यू-५१० असेल तर आकडा थेट वाचा. एमक्यू-५०० चा सेन्सर पाण्यात बुडवला तर आकड्याला १.३२ ने गुणावं लागतं. त्याच कंपनीचे जुने मॉडेल निळा उजेड कमी दाखवतात, आणि या दिव्यात निळाच जास्त. मोबाइलच्या लक्स ॲपवर तर अजिबात विसंबू नका. लक्स म्हणजे माणसाच्या डोळ्याला दिसणारा उजेड. ४५० नॅनोमीटरचा रॉयल ब्लू डोळ्याला फिकट वाटतो, पण कोरलमधल्या झूझँथेली शैवालाचं पोट त्यावरच भरतं. डोळ्याला ‘अंधारच आहे’ वाटतं, नॉब वाढतो आणि आठवड्यात हॅमर पांढरा पडतो. या दिव्याखाली मरणारे बहुतेक कोरल कमी उजेडाने मरत नाहीत, जास्त उजेडाने मरतात.

म्हणून सुरुवात अगदी खालून. निळा दिवा थरथरायचा थांबेल इतकाच, पांढरा बंद. दर आठवड्याला चार-पाच वॅट वाढवा. झोअँथिड देठ लांब करून वर ताणू लागले तर उजेड कमी पडतोय. मशरूम आक्रसून कडा वर वळवू लागले किंवा रंग धुतल्यासारखा फिका पडला तर जास्त होतोय. अशा वेळी कोरल हलवत बसू नका. दिवा दोन इंच वर घ्या आणि दहा दिवस हात लावू नका.

पांढऱ्या चॅनेलमध्ये बहुधा दोन-चार लाल आणि हिरव्या एलईडीही असतात. वाळूवर लाल-हिरव्या ठिपक्यांचा नाच दिसतो तो यांचाच. पांढरा वाढवला की टँक दुकानातल्या शोकेससारखा उजळतो, पण कोरलचा चमकता रंग पुसला जातो. शेवाळ मात्र पांढऱ्याच्या माथी मारू नये. नायट्रेट ५-१० पीपीएम आणि फॉस्फेट ०.१ च्या खाली असेल तर थोडा पांढरा काही बिघडवत नाही.

आता टायमर. डिमर असलेल्या मॉडेलला बहुधा मागे दोन सॉकेट असतात, प्रत्येक चॅनेलला एक. सोबत येणारी वायर परदेशी पिनेची असते. ती फेकून द्या. हे सॉकेट डेस्कटॉप संगणकाच्या केबलचंच आहे, तेव्हा आयएसआय खुणेच्या तीन पिनांच्या दोन केबल आणि दोन टायमर घ्या. निळा दुपारी १ ते रात्री १०, पांढरा ३ ते ८. घरी माणसं असतात तेव्हा टँक पाहण्यासारखा दिसतो, हा यातला खरा फायदा. टायमर बॅटरी बॅकअप असलेला डिजिटलच घ्या. चकतीचा मेकॅनिकल टायमर वीज गेली की थांबतो आणि आली की तिथूनच पुढे चालतो. पुण्यात गुरुवारच्या देखभालीत दोन-चार तास वीज गेली की महिनाभरात टँकची मध्यरात्र भलत्याच वेळी येते. पंखे कोणत्या वायरवर चालतात तेही एकदा पाहून ठेवा.

खोका पत्र्याचा आहे आणि खाली खारं पाणी. टांगण्याआधी मल्टिमीटरने बॉडी आणि प्लगची मोठी पिन यांच्यात अर्थिंग जोडलेलं आहे ना, ते तपासा. टँकच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच. वायर प्लगच्या खाली लोंबती ठेवा म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगात शिरणार नाही. टांगायला सोबत येणाऱ्या पातळ तारा ठीक आहेत, पण स्लॅबमध्ये हूक मात्र फास्टनर ठोकूनच बसवा.

सर्वात आधी दगा देतात ते पंखे. कोकण-मुंबईच्या दमट हवेत, त्यात पॉवरहेडच्या (टँकमधलं पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) बुडबुड्यांचे खारे शिंतोडे, त्यामुळे पात्यांवर मीठ बसतं, मग आवाज येतो, मग पंखा थांबतो. पंखा थांबला की दिवा लगेच जात नाही, एलईडी तापून हळूहळू मंदावतात, आणि हे लक्षातच येत नाही. महिन्यातून एकदा दिवा बंद करून ब्रश फिरवा आणि लेन्स आरओच्या पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याने पुसा. बदली पंखा संगणकाच्या कॅबिनेटचाच चालतो. आकार आणि व्होल्टेज जुन्याच्या स्टिकरवर असतं. लॅमिंग्टन रोडला किंवा बुधवार पेठेत चिल्लर पैशांत मिळतो. दोन आधीच आणून ठेवा.

अर्धा दिवा अचानक विझला तर ड्रायव्हर गेला असं लगेच समजू नका. एलईडी एकामागे एक जोडलेले असतात, एक तुटला की ती सगळी रांग बंद. प्लग काढून थोडा वेळ थांबा (ड्रायव्हरमधून येणारं डीसी व्होल्टेज बरंच असतं, कपॅसिटर भरलेले राहतात), मग ३ व्होल्टची नाण्यासारखी बॅटरी प्रत्येक निळ्या आणि पांढऱ्या एलईडीला सुलट लावा. चांगला एलईडी मंद उजळतो, मेलेला नाही.

सम्पमध्ये (मुख्य टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) कीटोमॉर्फा हे शेवाळ वाढवायचं असेल तर त्यासाठी रीफ लाइट घेऊ नका. हार्डवेअरच्या दुकानातला ६५०० केल्विनचा साधा एलईडी फ्लडलाइट पुरतो.

दिव्यावर वाचलेले पैसे कोरलवर घालताना कागद मागा. सगळे कठीण प्रवाळ, म्हणजे हॅमर, टॉर्च, माँटिपोरा सगळेच, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत येतात. मालवणच्या किंवा वरळीच्या खडकावरून उचललेला तुकडा ‘लोकल माल, स्वस्त’ म्हणून कोणी पुढे केला तर तिथून निघा. आणि सगळा टँक ॲक्रोपोराने भरायचा बेत असेल तर हा एक दिवा पुरणार नाही. मधल्या फूटभरात तो वाढेल, कडेला तपकिरी पडेल. तिथे दोन दिवे किंवा चार नळ्यांचा टी५ (फ्लुरोसंट ट्यूबचा दिवा) घ्या. टी५ ची सावली मऊ आणि पसारा एकसारखा असतो, फक्त नळ्या नऊ ते बारा महिन्यांनी बदलाव्या लागतात आणि आपल्याकडे त्या मिळवणं हेच मोठं काम आहे.