साडी राम मारुती रोडवर घ्यावी की मोबाइलवर?

ठाण्यात राम मारुती रोडवर साडी घेताना पोत हाताला कळतो, पदर उजेडात धरून पाहता येतो. मोबाइलवरच्या फोटोत रंग फसवतो. तिथे भाव मात्र चार ठिकाणी ताडून पाहता येतात. कपड्यांसाठी मी दुकानच निवडेन, पुस्तकांसाठी मोबाइल. फसवणूक कुठेही झाली तरी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार जरूर करा.

विकणाऱ्याचं गणित वेगळं. ऑनलाइनमध्ये गाळ्याचं भाडं, डिपॉझिट वाचतं. उलाढाल मर्यादेत असेल, तर १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणीशिवायही राज्यातल्या राज्यात ऑनलाइन माल विकता येतो. घरी कुर्ते शिवणाऱ्या बायकांसाठी ही फार मोठी सोय आहे! पण कमिशन, कुरिअर आणि परत आलेला माल नफा खातात. दुकानात पैसे लगेच हातात पडतात, गिऱ्हाईकही ओळखीचं होतं.