पांढरं रेशनकार्ड आणि माझे १२,८०० रुपये

लिहायची लाज वाटते. पण काल कळलं, मला फसवणाऱ्या माणसानेच आमच्या गल्लीतल्या आणखी एकाला गाठलं, म्हणून लिहितोय.

वडिलांची चाळीस वर्षं यंत्रमागावर गेली. मागच्या महिन्यात छातीत दुखायला लागलं म्हणून सोलापुरातल्याच एका रुग्णालयात नेलं. अँजिओप्लास्टी करावी लागेल म्हणाले. बाहेर चहाच्या टपरीवर मी भावाशी फोनवर पैशांचं बोलत होतो, ते ऐकूनच तो आला. गळ्यात ओळखपत्र, बगलेत फायली. "मी आरोग्यमित्र." म्हणजे सरकारच्या मोफत उपचाराच्या योजनेचं काम रुग्णालयात बघणारा माणूस. रेशनकार्ड बघून तोंड वाकडं केलं. "पांढरं आहे की हो. योजनेत बसत नाही. पिवळ्यात घालून आयुष्मान कार्ड काढून देतो."

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. कार्डाचे ६५०, फाइल सरकवायला ४,८००, रात्री साडेदहाला 'मंजुरी अडकली' म्हणून ७,३५०.

दुसऱ्यांदा पैसे पाठवताना मोबाईलवर नाव आलं ते एका मोबाईल शॉपीचं. अंगठा थांबला होता हो माझा! विचारलंही. "साहेब स्वतःच्या खात्यावर घेतील का?" म्हणाला, आणि मला ते पटलं. वरचे पैसे असेच जातात, एवढं ते आपल्या अंगवळणी पडलंय. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो, दहा रुपयांचा फरक सापडल्याशिवाय घरी जात नाही. पण आत बाप नळ्या लावून पडलाय म्हटल्यावर कुणीही पाठवले असते.

सकाळी आतल्या योजनेच्या टेबलावर कार्ड दिलं. तिथल्या मुलीने ते दोनदा उलटंपालटं केलं. "हे कुठून आणलंत?" पांढऱ्या कार्डालाही २०२४ पासून महात्मा फुले योजना लागू आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. रेशनकार्ड आणि आधार दिलं, उपचाराला एक रुपया लागला नाही. ते टेबल टपरीपासून पन्नास पावलांवर. खरा आरोग्यमित्र तिथे बसतो, गिऱ्हाईक शोधत फिरत नाही. शंका आली तर योजनेचा १५५३८८ हा नंबर लावा, फुकट आहे.

रुग्णालय म्हणालं, गेटबाहेरचं आम्हाला काय माहीत. पोलीस ठाण्यात दीड तास बाकावर बसवून विचारलं, "पैसे तुम्हीच पाठवले ना?" मग म्हणे सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, हद्दीतल्या ठाण्यात जा. परत आलो तर साहेब बंदोबस्तावर. अर्जावर नुसता शिक्का मिळायला तीन खेपा, तीन अर्ध्या रजा. वर एक हवालदार हसत म्हणाला, "पांढऱ्याचं पिवळं करायला निघाला होता, म्हणजे गुन्हा तुमचाही आहे की." टपरीचा कॅमेरा बघा म्हणून सांगून आलो, अजून कुणी फिरकलेलं नाही.

१९३० ला, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, मी चौथ्या दिवशी फोन केला, तोवर त्या खात्यात काही उरलं नव्हतं. तुम्ही त्याच तासाला करा, लाजत बसू नका.

वडील आता बरे आहेत. ते खोटं कार्ड पाकिटातून काढू देत नाहीत. फोटो चांगला आलाय म्हणतात.