सचिव व्हावं की समन्वयक? विदर्भातल्या सामाजिक संस्थेत जबाबदारी घेण्याआधी

"सर, तुमाले काईच करा लागत नाई, फकत सही पाह्यजे." निवृत्त मुख्याध्यापक, पोस्टमास्तर किंवा गावातले डॉक्टर, कुणाला ना कुणाला हे वाक्य ऐकायला मिळतंच. संस्थेच्या कार्यकारिणीत जागा रिकामी झालेली असते आणि गावात वजन असलेलं नाव हवं असतं. त्याच सुमारास तीच संस्था नागपूरहून एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) करून आलेल्या पोराला किंवा पोरीला प्रकल्प समन्वयक म्हणून बोलावते. नेतृत्व दोघांनाही देऊ केलेलं असतं. प्रत्यक्षात एकाच्या वाट्याला सही येते, दुसऱ्याच्या वाट्याला काम. या दोघांच्या मधे मानधनावरचा पूर्णवेळ कार्यकर्ता असतो. त्याला दोन्हींतलं थोडं थोडं मिळतं, पुरेसं कशातलंच नाही.

या तीन जागांतली कोणती घ्यावी, असं विचारणारे दरवर्षी भेटतात. पदाच्या नावावरून ठरवू नका, असं मी त्यांना सांगतो. त्या जागेवर सही, पैसा आणि निर्णय एकाच माणसाकडे आहेत का, ते पाहा. सही तुमची आणि निर्णय दुसऱ्याचा असेल, तर ती जागा कितीही मानाची असली तरी नको म्हणा.

विनामोबदला पद: अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष

आपल्याकडच्या बहुतेक संस्थांची नोंदणी दोनदा होते: एकदा सोसायटी नोंदणी अधिनियम 1860 खाली आणि पुन्हा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 खाली. पहिल्या कायद्याला किमान सात सभासद लागतात. ते सात कसे जमतात हे कुणाला सांगायला नको. संस्थापक, त्याची बायको, भाऊ, साळा, दोन मित्र आणि एक गुरुजी. ते गुरुजी म्हणजे तुम्ही.

कायद्याच्या नजरेत मात्र हे सातही जण बघे नसतात. हिशेबाचं वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत ऑडिट व्हायला हवं. संस्थेची जमीन किंवा इमारत विकायची, तर 1950 च्या कायद्याच्या कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची, म्हणजे अशा संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांची, परवानगी आधी लागते. शेतजमीन दहा वर्षांहून जास्त काळासाठी किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त काळासाठी भाड्यानं द्यायची असली, तरी तेच. कर्ज काढायलाही परवानगी हवी. यात गडबड झाली तर कलम 41ड खाली विश्वस्ताला, म्हणजे कार्यकारिणीच्या सदस्याला, निलंबित करता येतं, काढूनही टाकता येतं. "मी सभेला नव्हतोच" हा बचाव तोकडा पडतो, कारण प्रोसिडिंग बुकात, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताच्या वहीत, तुमची हजेरी आणि सही असते. ती सही कोणी केली हा वेगळा विषय.

बाहेर पडण्याची वाट तर सगळ्यात चिकट. राजीनामा दिला म्हणजे सुटलो, असं लोकांना वाटतं. कार्यकारिणीत बदल झाला की 90 दिवसांत कलम 22 खाली बदल अर्ज दाखल करावा लागतो. याला सगळे चेंज रिपोर्टच म्हणतात. तो मंजूर होईपर्यंत सरकारी नोंदवहीत, म्हणजे शेड्युल वनवर, तुमचं नाव तसंच राहतं. दोन गट भांडत असले तर दोघांचे वेगवेगळे चेंज रिपोर्ट वर्षानुवर्षं पडून राहतात, आणि तोवर कागदावर कारभारी तुम्हीच.

मग हे पद घ्यावंच का? घ्यावं. विदर्भाच्या खेड्यांत पगार न घेता सार्वजनिक काम पाहण्याची सवय जुनी आहे. गुरुकुंज मोझरीच्या श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या गावोगावच्या शाखा अशाच माणसांवर उभ्या आहेत: सामुदायिक प्रार्थना, ग्रामसफाई, तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीचा उत्सव, सगळं आपापली शेती सांभाळून. पेन्शन आहे, मुलं हाताशी आली आहेत, बँकेत आणि तहसीलमध्ये चार लोक ओळखतात, असा माणूस कार्यकारिणीत बसला तर संस्थेला पाठबळ मिळतं. तो "नाही" म्हणू शकतो, कारण त्याची चूल संस्थेवर अवलंबून नसते.

तीन पदांतलं एक निवडायचं तर कोषाध्यक्ष व्हा. बरेच जण हे पद टाळतात, आणि मला ते उलटं वाटतं. अध्यक्षाला पुष्पगुच्छ मिळतात, सचिवाच्या मागे पत्रव्यवहार लागतो, पण पैसा कुठून आला आणि कुठे गेला हे कोषाध्यक्षाला विचारता येतं. मात्र चेकवर दुसरी सही तुमची हवी आणि पासबुक दर महिन्याला बघायला मिळायला हवं. कोऱ्या चेकबुकावर आगाऊ सह्या मागणारी संस्था असेल तर चहा पिऊन घरी या.

अजून नोकरीत असाल, विशेषतः जिल्हा परिषदेत किंवा सरकारी खात्यात, तर कार्यालयाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय नाव देऊ नका. संस्थेला परदेशी देणगी येत असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं, कारण परदेशी देणगीच्या कायद्यातल्या (एफसीआरए) 2020 च्या दुरुस्तीनंतर लोकसेवकांना परदेशी देणगी स्वीकारायला मनाई आहे. शिवाय अशा संस्थेच्या सर्व पदाधिकाऱ्यांचा आधार क्रमांक केंद्राकडे द्यावा लागतो.

पगारी पद: समन्वयक, व्यवस्थापक, कार्यकारी संचालक

इथे तुमच्या नावानं नेमणूकपत्र निघतं, महिन्याला रक्कम ठरलेली असते आणि काम खरं असतं. सकाळी मोटारसायकलला किक मारून निघायचं, दोन गावांत बैठका, संध्याकाळी अहवाल, रात्री देणगीदार कंपनीच्या माणसाचा फोन. धारणी-चिखलदऱ्याकडे कोरकू आणि भामरागड-एटापल्लीकडे माडिया थोडीफार बोलता आली नाही, तर पहिलं वर्ष दुभाष्यावर जातं. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. तेव्हा वरिष्ठांना विचारायचं ठरवलं तरी विचारता येत नाही, जागेवरच निर्णय घ्यावा लागतो. माणूस घडतो तो अशाच दिवसांत.

पैशाची गोष्ट मात्र पदाच्या नावावरून कळत नाही. पैसा कुठून येतो ते विचारा. मोठ्या कंपन्यांचा सीएसआर निधी, म्हणजे सामाजिक कामावर करायचा खर्च, 2013 च्या कंपनी कायद्याप्रमाणे मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के. कायदाच सांगतो की कंपनीनं आपल्या परिसराला प्राधान्य द्यावं. म्हणून चंद्रपूर-वणीच्या कोळसा, सिमेंट आणि विजेच्या पट्ट्यात समन्वयकाच्या जागा निघतात. मेळघाटात कारखानाच नाही, तिथे निधी दुरून आणावा लागतो. सीएसआरचा हिशेब 31 मार्चला मिटतो. नवा करार सही होऊन पैसा खात्यात येईपर्यंत कधीकधी पेरणी होऊन जाते, आणि एप्रिल ते जूनचा पगार "येतेच आहे" या दोन शब्दांवर चालतो. मुलाखतीत हे विचारायला लाजू नका: मागच्या वर्षी मे महिन्याचा पगार कोणत्या तारखेला झाला?

परदेशी निधीचं गणित आणखी आवळलेलं आहे. 2020 पासून प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली. वर्षाला 25 लाख येत असतील तर प्रशासनावर जास्तीत जास्त 5 लाख. संचालकाचा पगार, हिशेबनीस, ऑफिसचं भाडं, लाइट बिल, सगळं त्यातच. दवाखान्यातला डॉक्टर किंवा शाळेतला शिक्षक यांचे पगार या मर्यादेत धरत नाहीत. म्हणजे लहान संस्थेत वरची खुर्ची जितकी मोठी, तितका तिच्यासाठीचा पैसा अडचणीचा. "कार्यकारी संचालक" असं छापलेलं कार्ड आणि हातात हिशेबनिसाएवढा पगार, हे त्यामुळे घडतं.

तरीही तिशीच्या आतल्या माणसाला मी पगारी जागाच सुचवीन. संस्था वीस किंवा जास्त माणसं कामाला ठेवत असेल तर भविष्यनिर्वाह निधी लागू होतो. तो कापला जातो का, आणि कापलेला भरला जातो का, हे पहिल्या महिन्यातच ऑनलाइन पासबुकात तपासा. अनुभवाचं पत्र मिळतं आणि पुढची नोकरी त्यावर लागते.

पगारी माणूस आणि विनामोबदला कार्यकारिणी यांची वाटणी नीट कशी असते हे बघायचं असेल, तर माविमचं (महिला आर्थिक विकास महामंडळाचं) एखादं लोकसंचालित साधन केंद्र पाहा. बचत गटांतून निवडून आलेल्या बाया कार्यकारिणीत असतात; व्यवस्थापक आणि सहयोगिनी (गटांना गावोगाव मदत करणाऱ्या कार्यकर्त्या) त्यांच्या हाताखाली मानधनावर किंवा पगारावर काम करतात. कपाशीच्या वेचणीला जाणारी बाई पदवीधर व्यवस्थापकाला महिन्याचा हिशेब विचारते. सगळीकडे हे तितकं सुरळीत चालतं असं नाही, पण कोणी कोणाला विचारायचं हे तरी ठरलेलं असतं. बाईमाणसानं पहिलं नेतृत्व कुठे करावं, असं मला विचारलं तर मी याच दिशेला बोट दाखवीन. खाजगी संस्थेच्या सात नावांतली "सौ." अनेकदा फक्त कोरम भरायला असते.

मानधनावरचा पूर्णवेळ कार्यकर्ता

याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण मला ही जागा फारशी आवडत नाही. नेमणूकपत्र नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, कामाला मर्यादा नाही, आणि "आपण काय नोकर आहोत का" असं ऐकून घ्यावं लागतं. काही लोकांनी या वाटेनं मोठी कामं उभी केली, हे खरं. वरोऱ्याची महारोगी सेवा समिती 1949 ची, हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प 1973 चा. दोन्हीकडे सुरुवातीला पगाराचा विचारही कुणी केला नव्हता. पण ती माणसं स्वतःच्या कामाची मालक होती. दुसऱ्याच्या संस्थेत, दुसऱ्याच्या नावाखाली मानधनावर राहणं ही तीच गोष्ट नव्हे. जायचंच असेल तर मुदत ठरवून जा. गडचिरोलीच्या 'सर्च' या संस्थेनं 2006 पासून तरुणांसाठी चालवलेल्या 'निर्माण'सारख्या उपक्रमातून आलेली मुलं आधी ठरावीक काळ काम करून पाहतात आणि मग पुढचं ठरवतात. ती पद्धत मला शहाणपणाची वाटते.

दोन्ही टोप्या एकाच डोक्यावर

सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे पगारी सचिव. ग्रामीण भागात ही सर्रास दिसते: संस्थापकच सचिव, तोच प्रकल्प संचालक, पगारपत्रकात पहिलं नाव त्याचं आणि तिसरं त्याच्या मुलाचं. कायद्यानं हे थेट निषिद्ध नाही. पण संस्थेच्या घटनेत तशी तरतूद हवी, आणि विश्वस्ताला किंवा त्याच्या नातेवाइकाला वाजवीपेक्षा जास्त पैसा गेला तर आयकरातली सूट धोक्यात येते. अशा संस्थेत तुम्ही समन्वयक म्हणून गेलात तर तुमच्या वर कोणी नाही, फक्त एक घर आहे. तिथे वाढ होत नाही. काम शिकायला दोन वर्षं ठीक, पण त्याच संस्थेनं "आता तुम्हालाच कार्यकारिणीत घेतो" म्हटलं तर पगार सोडायचा की सही, हे आधी ठरवून टाका.

हो म्हणण्याआधी

कार्यकारिणीत जाणाऱ्यानं शेड्युल वनची ताजी नक्कल, संस्थेची घटना, शेवटचा मंजूर चेंज रिपोर्ट आणि तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट मागावेत. नक्कल जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयातून स्वतः काढली तर जास्त बरं, संस्थेनं दिलेली झेरॉक्स जुनी असू शकते. ऑडिट रिपोर्टमध्ये शेवटून वाचायला लागा: कुणाची उसनवारी आहे, अग्रिम रकमा कोणाच्या नावावर पडून आहेत, आणि ऑडिटरनं शेरे काय मारले आहेत. पगारी जागेवर जाणाऱ्यानं यातले ऑडिट रिपोर्ट तरी बघावेत. शिवाय आधीचा समन्वयक का गेला ते त्यालाच फोन करून विचारावं. संस्था सांगेल ते कारण आणि तो सांगेल ते कारण, यातलं अंतर मोजा.

वेळेचंही बघा. जूनमध्ये, पेरणीच्या गडबडीत, एखाद्यानं घाईनं सही मागितली तर त्याला सांगा की दिवाळीनंतर कळवतो. सप्टेंबरअखेर ऑडिट व्हायला हवं, त्यानंतर वार्षिक सभेत ते मांडलं जाईल. त्या सभेला सभासद नसतानाही निमंत्रित म्हणून जाऊन मागच्या रांगेत बसता येतं. हिशेब कोणी वाचला, प्रश्न कोणी विचारला आणि उत्तर कोणी दिलं, एवढं पाहून या आणि मग फोन करा.