दिवसभर कुलूप, घरात एकटं मांजर: कोकणच्या हवेत अकरा महिन्यांचा वापर

एकट्या मांजरासाठी बाजारात मिळणारं बहुतेक सामान कोरड्या हवेच्या हिशेबाने बनवलेलं असतं. नोव्हेंबरात रत्नागिरीत ते झकास चालतं. मृग लागला की आठवड्याभरात कळतं, कशात किती दम आहे.

वापराची परिस्थिती आधी सांगितलेली बरी. समुद्रापासून दीडेक किलोमीटरवर दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. तीन वर्षांची, नसबंदीचं ऑपरेशन झालेली भाटी (मादी मांजर), वजन ३.८ किलो. घर सकाळी पावणेनऊ ते संध्याकाळी सव्वासहा बंद. सामान म्हणजे वायफायवाला ऑटोमॅटिक फीडर, दोन झाकणांचा साधा टायमर फीडर, दोन लिटरचं पाण्याचं कारंजं, शी-शूच्या मातीचे दोन ट्रे, खिडक्यांना जाळी आणि एक कॅमेरा. नोव्हेंबर ते सप्टेंबर, म्हणजे थंडी, वैशाख आणि अख्खा पावसाळा यातून गेला.

फीडर

वायफाय फीडरवर जास्त पैसे गेले आणि तक्रारीही त्याच्याच जास्त. वर सुक्या दाण्यांची टाकी, खाली रबरी पंखा; पंखा एक घर फिरला की एक 'पोर्शन' वाटीत पडतो. ॲपमध्ये पोर्शन म्हणजे १० ग्रॅम असं दाखवतात, त्यावर विसंबू नका. दाण्याच्या आकाराप्रमाणे तो बदलतो. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर वाटी ठेवून लागोपाठ दहा पोर्शन पाडा आणि दहाने भागा. इथे ७८ ग्रॅम भरले, म्हणजे एकाला आठाच्या आतच. ब्रँड बदलला की पुन्हा मोजायचं.

जुलैत बिघडतं ते असं. दाण्यावर चरबीचा पातळ थर असतो, टाकीच्या तळाशी चुरा साठतो. हवेतला ओलावा आधी त्या चुऱ्याला लागतो, त्याचा लगदा होऊन पंख्याच्या पात्यांना आणि दाणे वाटीत उतरतात त्या घसरगुंडीला चिकटतो. मोटर फिरत राहते, ॲपवर 'खाणं दिलं' असा निरोप येतो आणि वाटीत पडतात चार दाणे. झाकणातली सिलिका जेलची पुडी या हवेत तीन-चार दिवसांत भरून जाते. उपाय तीन, आणि तिन्ही एकदम करावे लागतात. टाकी दीड किलोची असली तरी पावसाळ्यात तीन दिवसांपुरतंच भरायचं, बाकीचे दाणे पापडासारखे घट्ट झाकणाच्या डब्यात. भरण्याआधी दाणे चाळणीने चाळून चुरा काढायचा. आणि घसरगुंडी कोऱ्या, सुक्या पेंटिंग ब्रशने झाडायची, ओल्या फडक्याने अजिबात नाही. ओलं पुसलं की दुसऱ्या दिवशी लगदा दुप्पट.

लाईटचा प्रश्न वेगळा. अडॅप्टर लावलेला असला तरी आत मोठे सेल हवेतच, कारण पावसात लाईट कधी तासाने येते, कधी दुसऱ्या दिवशी. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडच्या काही गावांत कित्येक दिवस वीज नव्हती, ते आठवा. विकत घेतल्यावर पहिल्याच रविवारी प्लग काढून आणि राउटर बंद करून पूर्ण दिवस चालवून बघा. वेळापत्रक मशीनमध्ये साठवलेलं असेल तर खाणं वेळेवर पडेल; मोबाईलवरूनच हुकूम लागत असेल तर परत करा. सेलच्या पत्र्याच्या टोकांवर खाऱ्या हवेने हिरवट थर येतो. लिंबाचा रस कापसावर घेऊन पुसायचं, पूर्ण सुकवायचं, बोटाने पुसट व्हॅसलीन लावायचं. हे जूनच्या आधी एकदा आणि दिवाळीत एकदा.

मुंग्यांवर कोकणातला जुनाच इलाज: फीडर पसरट ताटात ठेवून ताटात पाणी. फडताळाच्या पायांखाली वाट्या असायच्या तसं. पाणी एक दिवसाआड बदला, नाहीतर मुंग्या जातील आणि डास होतील.

शेवटी जूनपासून कामाला आला तो दोन झाकणांचा साधा टायमर फीडर. एक पेन्सिल सेल, फिरवायची चकती, ठरल्या वेळी झाकण उघडतं. पंखा नाही, घसरगुंडी नाही, अडकण्यासारखं काहीच नाही. किंमत वायफायवाल्याच्या पावपटीला. दिवसभराच्या दोन खाण्यांसाठी तेवढं पुरतं, आणि पावसाळ्यात तोच घ्या असं स्पष्ट सांगता येतं.

किती आणि केव्हा

ऑपरेशन झालेल्या, घरातच राहणाऱ्या चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० कॅलरी लागतात. सुक्या दाण्यांच्या १०० ग्रॅममध्ये ३५० ते ४०० असतात, म्हणजे निव्वळ दाणे दिले तर ५० ते ५७ ग्रॅम. इथली वाटणी अशी: पहाटे सव्वापाचला १६ ग्रॅम, साडेबाराला ८, साडेचारला ८ आणि संध्याकाळी ओल्या खाण्याचं ८५ ग्रॅमचं पाकीट.

पहाटेचं खाणं मशीननेच पडू द्यावं. मांजर झुंजूमुंजू आणि तिन्हीसांजा या दोन वेळांचा प्राणी आहे. पहाटे तुम्ही उठून खायला दिलंत की ते तुम्हालाच उठवायला शिकतं. मशीन देतं म्हटल्यावर मशीनपाशी जाऊन बसतं.

मासळीबद्दल. आठवड्यातून दोनदा उकडलेला बांगडा, काटे काढून, ३० ग्रॅमच्या आसपास, तेवढ्या कॅलरींचे दाणे कमी करून. रोज नुसती मासळी-भात ही आपल्याकडची रीत, पण त्यावर बंद घरातलं मांजर नीट पोसत नाही. बांगडा-तारलीसारखी तेलकट मासळी रोज खाल्ली तर ई जीवनसत्त्व कमी पडून अंगातल्या चरबीला सूज येते. काही कच्च्या माशांमधला एक घटक बी-१ जीवनसत्त्व नासवतो. अंगणात फिरणारं मांजर उंदीर-पाली खाऊन कसर भरून काढतं; कुलपातल्या मांजराला ती सोय नाही. सुका जवळा आणि खारा बांगडा मिठामुळे नको. कालवणातला तुकडाही नको, वाटणातला कांदा-लसूण मांजराला विषारी.

पाणी

कारंज्याचा पंप दोन वॅटचा, वीज नगण्य. मांजर त्यातून जास्त पितं हे खरं. पण इथल्या पाण्यात फिल्टरवर आठवड्यात तांबूस गाळ बसतो आणि कडेला बुळबुळीत थर धरतो. दर रविवारी सगळं सुटं करून, पंपाचं झाकण काढून आतली चकती जुन्या टूथब्रशने घासावी लागते. हे जमणार नसेल तर कारंजं घेऊ नका. पाणी आटून पंप कोरडा फिरला की जळतो, म्हणून दोन खोल्यांत दोन रुंद तोंडाची स्टीलची भांडी तशीही भरून ठेवावीत. भांडं खाण्याच्या वाटीपासून लांब ठेवलं तर बहुतेक मांजरं जास्त पितात.

माती

खरा कस इथे लागतो. ५० बाय ४० सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये पाच सेंटिमीटर थर द्यायला साधारण १० किलो बेंटोनाइट (शू लागली की गोळा धरणारी माती) लागतं. पाच किलोची एक पिशवी ओतून 'गोळा बनत नाही' म्हणणाऱ्यांचा थरच निम्मा असतो. थर पातळ असला की शू तळाला जाते, तिथे चिकटते, मग खरवडताना गोळा फुटतो आणि वास सगळीभर.

पावसाळ्यात बेंटोनाइट हवेतलं पाणी ओढून घेतं, गोळा घट्ट न होता चिखलासारखा राहतो. बंद घरात हवा खेळत नाही, अमोनियाचा वास सव्वासहाला दारातच भेटतो. दोन ट्रे ठेवून सकाळ-संध्याकाळ गोळे काढणं आणि पूर्ण माती तीन आठवड्यांऐवजी दहा दिवसांनी बदलणं, याला पर्याय सापडला नाही. उघडलेली पिशवी तशीच ठेवू नका, झाकणाच्या बादलीत ओता.

फुकटच्या पर्यायांचं: किनाऱ्यावरची वाळू चालत नाही, तिच्यातलं मीठ ओलावा धरून ठेवतं आणि ट्रे कधी सुकतच नाही. नारळाच्या सोडणाचा भुसा उन्हाळ्यात बरा, पण हलका असल्याने पायांना लागून पलंगापर्यंत जातो आणि ऑगस्टात बुरशी धरतो. लाकडी गोळ्या, ज्या भिजल्या की भुगा होतो, त्या पावसात बेंटोनाइटपेक्षा कमी वास देतात. मात्र पिशवीला ओल लागली तर ट्रेत जायच्या आधीच भुगा.

ही माती संडासात ओतू नये, फुगून पाईप तुंबतो. विहिरीजवळ किंवा भाजीच्या वाफ्यातही नको. टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची अंडी विष्ठेत असतील तर ती बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांत लागण करण्याजोगी होतात. रोज ट्रे साफ करण्याचं तेही एक कारण, आणि घरात कुणी गरोदर असेल तर ट्रेचं काम दुसऱ्याने करावं.

संध्याकाळी ट्रेत काय दिसतं ते बघायची सवय लावा. दिवसाला दोन ते चार गोळे ठीक. दिवसभरात एकही नाही, किंवा बोका ट्रेत वारंवार बसतो पण शू होत नाही, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बोक्याचा मूत्रमार्ग तुंबला तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. एकट्या मांजराचा एक फायदा म्हणजे ट्रेतला हिशेब कुणाचा, हा प्रश्न पडत नाही.

जाळी, उकाडा, पिसवा

नायलॉनची जाळी नखांपुढे टिकत नाही, जीआयची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची, समुद्राजवळ दोन पावसाळ्यांत गंजते. ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या जाळीवरही तांबूस डाग येतात, पण ती टिकते. अगदी किनाऱ्याला घर असेल तर ३१६ मागा. कौलारू घरात खिडक्यांपेक्षा भिंत आणि वासे यांच्यामधली फट आधी बुजवा, मांजर तिथूनच जातं. दाराखाली रबरी पट्टी लावली की फुरसं-विंचू आत येत नाहीत, आणि मांजर त्यांच्याशी खेळत बसत नाही.

मे महिन्यात पंखा चालू ठेवून फारसं साधत नाही. मांजराला घाम पंज्यांच्या तळव्यांनाच येतो. उघडी फरशी, पश्चिमेचा पडदा ओढलेला आणि न्हाणीघराचं दार उघडं, एवढं जास्त उपयोगी. तोंड उघडून धापा टाकत असेल तर तो धोका समजावा.

पिसवा पावसात वाढतात आणि तुमच्या पँटला लागून दुसऱ्या मजल्यावरही पोचतात. महिन्यातून एकदा मानेवर टाकायचं फिप्रोनिल मांजराचंच घ्या. कुत्र्याच्या काही औषधांत पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असतं, त्याने मांजर मरू शकतं. दुकानदार 'दोन्हीला चालतं' म्हणाला तरी पाकिटावरचं नाव स्वतः वाचा.

एकटेपणा

कॅमेरा सर्वात निरुपयोगी खरेदी. दहा ते चार मांजर झोपलेलंच दिसतं. दिवसाचे बारा-सोळा तास ते झोपतंच. राहिलेला वेळ कसा जातो हे संध्याकाळी ठरतं. घरात शिरल्या शिरल्या खायला देऊ नका. आधी दहा-बारा मिनिटं खेळ, मग पाकीट. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप हा त्याचा क्रम आहे. खेळाशिवाय खाणं दिलं की उरलेली शिकार रात्री दोन वाजता तुमच्या पायांवर होते. खेळणं विकतचं नको. माडाच्या झापाचा लांब हीर आणि टोकाला कापडाची चिंधी पुरते. खेळ संपला की कपाटात. दोरा गिळला तर आतडं गोळा होतं, आणि तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, डॉक्टरकडेच न्यायचं.

चार महिन्यांच्या आतलं पिल्लू मात्र असं नऊ तास ठेवू नये. मोठं झालेलं, ऑपरेशन झालेलं एक घ्या किंवा एकाच वेताची दोन पिल्लं घ्या. पोटावरचे केस चाटून विरळ होणं, गादीवर शू करणं हे 'कंटाळा आलाय' म्हणून सोडून देऊ नका, आधी दुखणं नाही ना ते तपासून घ्या.

शांततेची सवय झालेल्या मांजराला सर्वात कठीण जातात ते गणपतीचे दिवस. घरात बारा माणसं, आरत्या, फटाके, दार सारखं उघडं. आतल्या एका खोलीत ट्रे, पाणी आणि रोजची चादर चार दिवस आधीपासून ठेवा म्हणजे ती जागा त्याची होते. ऐनवेळी कोंडलं तर दार खरवडत बसतं. गौरीच्या फुलांत कळलावी असेल तर ती उंचावर नव्हे, मांजर जाणारच नाही अशा बंद खोलीत. कंदापासून फुलापर्यंत सगळंच झाड विषारी, आणि फुलदाणीतलं पाणीसुद्धा त्याच दिवशी ओतून टाकायचं.