सोळाशेचा टायमिंग खाली आणायचाय: रोज पाच किलोमीटर, ग्राउंडवर रिपीट, की येऊरचा चढ?

दिवाळी झाल्या झाल्या भरतीची तयारी करणाऱ्या चुलत भावाचा रात्री साडेअकराला मेसेज आला, दादा चार महिने झाले रोज पाच किलोमीटर पळतोय, सोळाशे मीटर काय 6:04 च्या खाली येत नाय, आता ठाण्यातला येऊरचा चढ चालू करू की सरळ अकॅडमी लावू. मी म्हटलं आधी झोप. साडेअकराला फोनवर आणि पहाटे पाचला ग्राउंडवर, असं चार महिने चाललं असेल तर टायमिंग कुठून येणार. पण हाच प्रश्न कळवा, ऐरोली, घणसोलीतली बरीच पोरं विचारतात म्हणून तिन्ही पर्याय एकदाच समोरासमोर ठेवतो.

आधी हिशोब. अग्निवीरला 1.6 किमी 5:30 च्या आत आलं की 60 मार्क, 5:31 ते 5:45 मध्ये 48. एका सेकंदात 12 मार्क गेले. बीमवर (म्हणजे पुल-अप्स) दहाला 40 आणि आठला 27, म्हणजे तो एक सेकंद जवळपास दोन बीमएवढा महाग पडतो. पोलीस भरतीचा फॉर्म पण भरला असेल (भरतातच सगळे) तर तिथे पोरांना 1600 चे पूर्ण 20 मार्क हवे असतील तर 5:10 लागतं, ते वेगळंच दुखणं. 5:30 म्हणजे 400 चा एक राउंड साडेब्याऐंशी सेकंदांत. आमचा भाऊ 6:04 वाला, म्हणजे सरासरी राउंड 91. प्रत्येक 100 मीटरला दोन सेकंद काढायचेत, एवढंच. ऐकायला एवढंच वाटतं.

आता काय निवडायचं ते ठरवायच्या आधी एक काम करा, ते कोणीच करत नाही. मित्राला स्टॉपवॉच घेऊन उभा करा आणि चारही राउंडचे वेगवेगळे टायमिंग लिहून घ्या. फोनच्या जीपीएसवर जाऊ नका, ते वळणावर गंडतं आणि मग पोरगं पंधराशे पन्नास पळून एक्सलंट (म्हणजे 5:30 च्या आत) आलं म्हणून नाचतं. आमच्या भावाचे आकडे आले 78, 90, 99, 97. बघितल्यावर कळलं याला दमाचा प्रॉब्लेम आहेच, पण त्याआधी डोक्याचा आहे, शिट्टी वाजली की हा कुत्रं मागे लागल्यासारखा सुटतो आणि तिसऱ्या राउंडला त्याचं व्याज भरतो. त्याच्याबरोबरच्या दुसऱ्या पोराचं पण 6:04 च, पण त्याचे राउंड 90, 91, 92, 91. दोघांचं टोटल सेम आणि औषध पूर्ण वेगळं. या दुसऱ्याला ताज्या पायांनी एकच 400 जीव तोडून मारायला लावला तर 80 आला. ज्याचा एकुलता एक राउंड 80 चा आहे तो लागोपाठ चार राउंड साडेब्याऐंशीने कुठून मारणार.

रोज पाच किलोमीटरवाल्या लाइनबद्दल बोलू, कारण ती सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त चुकीची केली जाते. पाच किमी पळणं वाईट नाहीये. सोळाशेला लागणारी तीन चतुर्थांशाहून जास्त ताकद ऑक्सिजनवरच येते, त्यामुळे दमाचा पाया लागतोच. गंमत अशी की पोरं रोज एकाच स्पीडने पळतात, ना धड हळू ना धड जोरात. दम लागतो, घाम येतो, काहीतरी केल्यासारखं वाटतं आणि शरीर त्या एका स्पीडला सरावून बसतं. सहा मिनिटांच्या आसपास सोळाशे असणाऱ्याने साधं रनिंग किलोमीटरला पावणेसहा ते सव्वासहा मिनिटांनी करावं, म्हणजे शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. पोरांना लाज वाटते एवढं हळू पळायला, काका लोक ओव्हरटेक करून जातात ना. जाऊ दे.

जागा म्हणाल तर ठाण्यात उपवन तलावाकडे सकाळी बरं असतं, नवी मुंबईत नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबई उद्यानाचा ट्रॅक सपाट आहे. पाम बीच रोडच्या कडेने अंधारात पळू नका, तिथे गाड्या कशा येतात ते सांगायला नको. आणि पेव्हर ब्लॉकवर रोजचं रनिंग म्हणजे नडगीला आमंत्रण, शेजारी माती असेल तर मातीवर पळा.

ग्राउंडवरचे रिपीट मला सगळ्यात भारी वाटतात, पण त्याला शिस्त लागते. 400 मारायचा, दोन मिनिटं चालायचं, परत 400, असे आठ. टार्गेट 82 चं असलं तरी 6:04 वाल्याने सुरुवात 87-88 ने करावी आणि दर आठवड्याला एखादा सेकंद काढावा. नियम एकच, पहिला आणि शेवटचा यात तीन सेकंदांपेक्षा जास्त फरक पडायला लागला की त्या दिवशीचं दुकान बंद. पहिला 74 आणि आठवा 98 मारून घरी जाणारा पोरगा फक्त दमलाय, शिकला काहीच नाही. याचा खरा फायदा पायांपेक्षा अंदाजाला होतो, पंचवीसेक दिवसांत घड्याळ न बघता कळायला लागतं की आत्ता मी 85 ने चाललोय. भावासारख्या सुसाट सुटणाऱ्याला हाच इलाज. आठवड्यात दोनदाच, मध्ये किमान दोन दिवस सोडून, महिन्यानंतर त्यातल्या एका दिवशी 800 चे तीन घ्या. 400 चा ट्रॅक मिळत नसेल तर मनपाच्या ग्राउंडवर टेपने माप घेऊन खडूने खूण करा, 200 चा राउंड झाला तरी चालतो. सहाच्या आत पोहोचा, नंतर क्रिकेटवाले स्टंप ठोकतात आणि तुमची तिसरी लेन म्हणजे त्यांची गली. नुकसान काय तर वॉर्मअप न करता मारलं की मांडीमागची शीर धरते, आणि जून ते सप्टेंबर ग्राउंड म्हणजे चिखल.

चढाचं येऊ. येऊर, पारसिक हिल, खारघर हिल, पोरांना याचं जाम आकर्षण कारण रील चांगली येते. विनोद सोडा, चढ कामाचा आहे. साठ सेकंद चढावर जोरात, चालत खाली, असे सहा ते आठ. पोटरी आणि मागची ताकद वाढते, पाऊल रेटायची सवय लागते आणि सपाट रस्त्यावरच्या स्प्रिंटपेक्षा आदळआपट कमी, म्हणून नडगी कुरकुरतेय त्याला जोर काढायला हाच मार्ग सुरक्षित, फक्त उतरताना पळायचं नाही. तो 90-91-92-91 वाला पोरगा आहे ना, त्याला मी आठवड्यातून एकदा चढ आणि एकदा रिपीट सांगितलं. पण चढावर पेस शिकता येत नाही, घड्याळाचा तिथे उपयोग शून्य. भरतीला दीड महिना राहिला असेल तर नव्याने चढ सुरू करू नका, तीन महिने हातात असतील तर पहिला महिना चढाला द्या. पावसाळ्यात ग्राउंड बुडालं की डांबरी चढ बरा पडतो, पण खारघरला पावसात पोलिसांची बंदी लागते ते बघून जा. येऊर राष्ट्रीय उद्यानात येतं, बिबट्या आहे, अंधारात हेडफोन घालून एकट्याने शूरवीर बनू नका.

अकॅडमीचं विचारलंच होतं म्हणून सांगतो. फी भरून तुम्ही खरं तर दोनच गोष्टी विकत घेता, पहाटे हाक मारणारा आणि बरोबर पळणारी पोरं. आळशी असाल तर दोन्ही पैसा वसूल आहेत. पण साठ पोरांना एकच वर्कआउट देत असतील तर विचार करा. मी ज्या अकॅडमीत होतो तिथे 5:40 वाला आणि 7:10 वाला दोघं रोज सिमेंटच्या रस्त्यावर दहा किमी एकत्र, दुसऱ्या महिन्यात माझी नडगी गेली आणि सहा आठवडे घरी बसलो. एक दिवस जाऊन बघा, सरांच्या हातात स्टॉपवॉच आहे की फक्त शिट्टी, त्यावर ठरवा.

म्हणजे माझं मत विचाराल तर पहिला राउंड आणि तिसरा राउंड यात दहा सेकंदांहून जास्त फरक असेल तर रिपीट, दुसरं काही नको. चारही राउंड सारखे आणि एकटा 400 पण हळू, तर चढ अधिक रिपीट. आणि पळायला लागून महिना पण झाला नसेल, सोळाशे सात मिनिटांच्या वर असेल, तर बाबा तू हळू पाच किमीच पळ दोन महिने, रिपीट मारून पाय घालवू नकोस. शेवटचे दहा दिवस सगळ्यांना सारखेच, अंतर निम्मं करा, थोडा स्पीड ठेवा, त्या दहा दिवसांत नवीन दम तयार होत नाही.

एक राहिलं. आपल्याकडे ऑक्टोबर आणि मे मध्ये हवा इतकी दमट असते की घाम सुकतच नाही, शरीर थंड होत नाही, तेव्हा आलेला टायमिंग जानेवारीच्या टायमिंगशी लावून रडत बसू नका.

आणि लेन. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या भरतीत घोळक्यात अडकायचं नाही म्हणून मी चारही राउंड आतल्या पोरांच्या बाहेरून पळालो, साधारण चार फूट बाहेर. आलो 5:36. घरी येऊन हिशोब केला, चार फूट बाहेर म्हणजे राउंडला साडेसात मीटर जास्त, चार राउंडचे तीस मीटर, माझ्या स्पीडने सहा सेकंद. 5:30 चं रनिंग करून 48 मार्क घेऊन आलो मी. मेरिटला किती कमी पडले ते सांगत नाही, पुढच्या वर्षी वयात पण बसलो नाही. तेव्हा पहिले शंभर मीटर थोडं जोरात जाऊन आतली कड धरा, वळणावर ओव्हरटेक करू नका, सरळ पट्टीवर करा.

भावाने सात आठवडे मंगळवार-शनिवार रिपीट आणि बाकी तीन दिवस हळू रनिंग केलं. काल टायमिंग पाठवला, 84, 86, 88, 85. 5:43. त्यातले तीन-चार सेकंद थंडीचे आहेत हे मी त्याला सांगितलं तर त्याला राग आला. बीम मात्र अजून सातच आहेत, आणि मेसेज आला रात्री पावणेबाराला.