गणपतीच्या रजेतला ऑटो-रिप्लाय: जीमेल, मायक्रोसॉफ्ट की होस्टिंगवालं ईमेल?

चिपळूण, रत्नागिरी, कुडाळकडच्या ऑफिसांत रजा एकेकट्याची नसते. गणपतीला अख्खं ऑफिस एकाच वेळी गावी जातं, शिमग्याला निम्मं. त्यामुळे रजेचा ऑटो-रिप्लाय, म्हणजे रजेवर असताना आलेल्या मेलला आपोआप जाणारं उत्तर, इथे एका माणसापुरता राहत नाही. हिशेबवाल्याच्या रिप्लायमध्ये डिस्पॅचवाल्याचं नाव, डिस्पॅचवाल्याच्या रिप्लायमध्ये हिशेबवाल्याचं, आणि दोघेही आपापल्या वाडीत आरतीला उभे. म्हणून ऑफिससाठी ईमेल निवडताना आधी एवढंच बघावं: माणूस रिप्लाय लावायला विसरून निघून गेला, तर मागे राहिलेल्या कोणाला तो लावता येतो का?

या एका बाबतीत मायक्रोसॉफ्ट ३६५, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं ऑफिससाठीचं ईमेल, सरळ पुढे आहे. एक्स्चेंज अॅडमिन सेंटर या त्याच्या व्यवस्थापनाच्या पानावरून अॅडमिनला, म्हणजे ऑफिसची ईमेल खाती सांभाळणाऱ्याला, कोणाच्याही मेलबॉक्सचा ऑटो-रिप्लाय चालू-बंद करता येतो, मजकूरही बदलता येतो. गूगल वर्कस्पेसमध्ये, म्हणजे ऑफिससाठीच्या जीमेलमध्ये, हे जीमेलच्या एपीआयमधून (प्रोग्रॅमने जीमेल चालवायची सोय) होतं, म्हणजे स्क्रिप्ट लिहिणारं कोणीतरी हाताशी हवं. दहा-बारा माणसांच्या ऑफिसात असं कोण असतं? मग सगळ्यांचे पासवर्ड एका वहीत, वही टेबलाच्या खणात, आणि एकजण प्रत्येकाच्या नावाने लॉगिन करत बसलेला. ती वही बंद झाली तरी मायक्रोसॉफ्टचे पैसे वसूल, असं माझं मत.

दुसरा मोठा फरक मजकुराचा. मायक्रोसॉफ्टमध्ये ऑफिसच्या आतल्यांना एक आणि बाहेरच्यांना दुसरा, असे दोन वेगळे मजकूर ठेवता येतात. काजू किंवा हापूसच्या निर्यातीत असाल तर हे फार कामाचं आहे. आत मराठीत लिहा, ‘गौरी विसर्जनानंतर येतो, गोदामाची चावी वॉचमनकडे’; बाहेरच्या ग्राहकाला इंग्रजीत फक्त तारीख आणि पर्यायी पत्ता. जीमेलमध्ये मजकूर एकच. तो फक्त आपल्या संस्थेतल्यांना किंवा फक्त कॉन्टॅक्टमधल्यांना जावा एवढं ठरवता येतं, पण चावीचं वाक्य घातलंत तर ज्याला ज्याला रिप्लाय जाईल त्याला चावीही कळेल.

पतसंस्थेसारख्या ठिकाणी तर कोणता अधिकारी कधीपर्यंत नाही, हे बाहेर कळूच नये. ती माहिती हाती लागली की ‘साहेब रजेवर आहेत, त्यांनीच सांगितलंय’ म्हणून पैसे वळते करायला सांगणारा मेल किंवा फोन यायला वेळ लागत नाही. मायक्रोसॉफ्टमध्ये बाहेर जाणारे ऑटो-रिप्लाय अॅडमिन सगळ्यांसाठी एकदम थांबवू शकतो. अशा संस्थांनी दुसरं काही बघूही नये.

मात्र जीमेलचं वापरणं सोपं आहे, हे मान्य करायला हवं. सेटिंग्जमध्ये तळाशी व्हेकेशन रिस्पॉन्डर (तिथलं ऑटो-रिप्लायचं नाव), पहिला दिवस, शेवटचा दिवस, झालं. फक्त वेळ टाकता येत नाही, दिवस पूर्ण धरला जातो. अर्ध्या दिवसाची रजा सांगायची असेल तर मायक्रोसॉफ्ट बरं, तिथे तासही नेमता येतात. कोकण रेल्वे दरडीमुळे अडकली आणि परतणं लांबलं, तर दोन्हीकडे मोबाईलच्या अॅपमधून तारीख पुढे ढकलता येते. अर्थात वाडीत रेंज असेल तर.

एकाच माणसाने पुन्हा पुन्हा मेल केला तर? जीमेल त्याला चार दिवसांत एकदाच उत्तर देतं. मायक्रोसॉफ्ट एकदा दिलं की रिप्लाय बंद करून पुन्हा चालू करेपर्यंत गप्प. मला जीमेलची पद्धत जास्त पटते. मालवणात पर्यटनाचा धंदा असेल आणि पावसाळ्यात महिनोन् महिने ‘हंगाम बंद’ असा रिप्लाय लावून ठेवायचा असेल, तर जूनमध्ये विचारणाऱ्याने ऑगस्टमध्ये पुन्हा विचारलं तरी त्याला उत्तर मिळायला हवं.

होस्टिंगबरोबर, म्हणजे वेबसाइटसाठी घेतलेल्या जागेबरोबर, मिळणाऱ्या ईमेलचं थोडक्यात सांगतो. सीपॅनल या होस्टिंग सांभाळायच्या पानावर ऑटोरिस्पॉन्डर असतो, आणि त्यात किती तासांनी पुन्हा उत्तर द्यायचं याचा एक रकाना असतो. तिथे शून्य टाकलं तर प्रत्येक मेलला उत्तर जातं. समोरही तसलंच यंत्र असलं तर भजनाच्या डबलबारीसारखा सवाल-जवाब सुरू होतो. हे टाळण्यासाठीचे संकेत २००४ सालच्या आरएफसी ३८३४ या इंटरनेटच्या नियमपत्रात लिहिलेले आहेत, पण ते सगळेच पाळतात असं नाही. त्याहून वाईट म्हणजे हा मेल आउटलुकमध्ये पीओपीने (मेल कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची जुनी पद्धत) जोडून आउटलुकच्याच ‘रूल’ने रिप्लाय लावण्याचा जुगाड. त्यासाठी ऑफिसातला कॉम्प्युटर आणि आउटलुक सतत चालू लागतं. भाद्रपदातल्या पावसात वीज गेली, की रिप्लायही गेला.

चार-पाच माणसांच्या ऑफिसाने मात्र प्रत्येकाच्या रिप्लायच्या मागे लागूच नये. ऑर्डरसाठी एकच सामायिक पत्ता ठेवा आणि रिप्लाय फक्त तिथे लावा. गूगलमध्ये ग्रुपला (अनेकांचा मिळून एक पत्ता) ऑटो-रिप्लाय लावता येतो, मायक्रोसॉफ्टमध्ये शेअर्ड मेलबॉक्सला, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायच्या मेलबॉक्सला. ५० जीबीपर्यंत या मेलबॉक्सला वेगळं लायसन्सही लागत नाही. एवढ्यासाठी चालू असलेलं जीमेल सोडून जायचं कारण नाही. दहाच्या पुढे माणसं असतील आणि परदेशी ग्राहक प्रत्येकाला नावाने लिहीत असतील, तर मायक्रोसॉफ्ट घ्या.

काहीही घेतलंत तरी गेल्या वर्षीचा मजकूर तसाच चालू करू नका. गणेश चतुर्थी २०२४ ला ७ सप्टेंबरला होती, २०२५ ला २७ ऑगस्टला. तारीख बदलायची राहिली की ग्राहकाला रिप्लाय जातो तो मागच्या सुट्टीचा. शिवाय ‘सहकुटुंब गावी’ हे शब्द गाळा, कुलूप लागलंय हे चोराला कशाला सांगायचं? आणि निघण्याआधी एक मेल बाहेरच्या पत्त्यावरून टाकून बघा. शेजारच्या टेबलावरून टाकलेल्या मेलने फक्त आतला मजकूर तपासला जातो. मायक्रोसॉफ्टमध्ये बाहेरच्यांसाठीची खूण वेगळी करावी लागते, आणि नेमकी तीच राहून जाते.