रीस्टार्टमध्ये यूजर डिरेक्टरी कोण सांभाळतं: एचडीबी, एमडीबी, ३८९ की ॲक्टिव्ह डिरेक्टरी?

डिरेक्टरी सर्व्हर (यूजरची नावं आणि पासवर्ड सांभाळणारा) बसला की लॉगिन, मेल, वायफाय, व्हीपीएन सगळं एका दमात बसतं, आणि तो बसण्याची हमखास वेळ म्हणजे रीस्टार्ट. बऱ्याच ठिकाणी अजून सेंटओएस ७ वरचा ओपनएलडॅप २.४ हा डिरेक्टरी सर्व्हर चालू आहे. सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, म्हणजे हलायचं तर आहेच. कुठे हलायचं एवढंच ठरत नाही. इथे एचडीबी व एमडीबी (ओपनएलडॅपचे दोन बॅकएंड, म्हणजे डेटा डिस्कवर ठेवणारे भाग), रेड हॅटचा ३८९ आणि मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी हे चार पर्याय एकाच अंगाने तपासले आहेत: प्रोसेस अर्ध्यात मेली तर डिस्कवर काय उरतं? वेग, वेब कन्सोल, स्कीमा हे मुद्दाम बाजूला ठेवलं आहे.

आतली यंत्रणा

एचडीबी आणि त्याचा भाऊ बीडीबी हे दोन्ही बॅकएंड बर्कली डीबीवर चालतात. हिशेब आधी रोजकीर्दीत, मग सवडीने खतावणीत, अशी त्याची पद्धत. बदल प्रथम १० एमबीच्या लॉग फाइलमध्ये उतरतो आणि चेकपॉइंटच्या वेळी मुख्य फाइलमध्ये जातो. अपघात झाला की लॉग वाचून खतावणी पुरी करावी लागते. स्लॅपडी (ओपनएलडॅपची सर्व्हर प्रोसेस) हे स्वतःच करतो. 'अनक्लीन शटडाउन डिटेक्टेड' असा निरोप लॉगमध्ये दिसला की ते चालू आहे असं समजायचं. पण त्याला वेळ लागतो, सगळे लॉग जागेवर लागतात आणि मधे कोणी हात लावून चालत नाही.

एमडीबीचा पाया एलएमडीबी. सिमास कंपनीच्या हॉवर्ड चू यांनी तो ओपनएलडॅपसाठीच लिहिला आणि २०११ मध्ये २.४.२७ बरोबर बाहेर आला. त्यात लॉगच नाही. चालू पानावर कधीच खाडाखोड होत नाही. बदललेलं पान नव्या जागी लिहिलं जातं. फाइलच्या तोंडाशी दोन मेटा पानं असतात आणि ती आलटून पालटून वापरली जातात. डेटा डिस्कवर पक्का पोचल्यावर, अगदी शेवटी, मेटा पान बदलतं. त्याआधी लाइट गेली तर जुनं मेटा पान शाबूत असतं आणि डेटाबेस आधीच्या व्यवहारावर उभा राहतो. दुरुस्ती करायला काही उरतच नाही.

३८९ डिरेक्टरी सर्व्हर अनेक वर्षं बर्कली डीबीवरच होता. आता तोही एलएमडीबीकडे वळला आहे. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० मध्ये नवा इन्स्टन्स त्यावरच बनतो. ॲक्टिव्ह डिरेक्टरीचं डेटाबेस इंजिन ईएसई. ते बर्कलीसारखंच लॉग आधी लिहितं, लॉगही १० एमबीचेच.

चार प्रसंग, चार निकाल

नीट थांबवलं तर चौघंही ठीक. खरा फरक पुढे दिसतो.

प्रोसेसला सिगकिल (जागच्या जागी मारणारा सिग्नल) बसला (सेवा चालू-बंद करणाऱ्या सिस्टमडीचा संयम संपला किंवा मेमरी संपून कर्नलने मारलं), तर एमडीबीला काही होत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम जिवंत आहे, लिहिलेली पानं तिच्या कॅशमध्ये आहेत, ती यथावकाश डिस्कवर जातात. लॉक फाइलमधल्या मेलेल्या वाचकांच्या नोंदी पुढच्या सुरुवातीला पुसल्या जातात, त्यामुळे ती फाइल हाताने उडवायची गरज नाही. एचडीबीत मात्र सामायिक मेमरीच्या फाइल अर्धवट अवस्थेत राहतात आणि रिकव्हरी करावीच लागते. बर्कलीवरचा ३८९ 'डिसऑर्डरली शटडाउन' असं सांगून तेच करतो.

लाइट गेली किंवा कर्नल पॅनिक झालं, तर मूळ सेटिंगवर चौघंही तरतात, अट एवढीच की डिस्क खरं बोलते. त्याबद्दल पुढे.

डिस्क भरली तर एमडीबीचा चालू व्यवहार रद्द होतो, बाकी डेटाबेस जसाच्या तसा. बर्कलीला लॉग लिहिता आला नाही की तो सगळं एन्व्हायर्नमेंट (म्हणजे पूर्ण डेटाबेस) पॅनिकमध्ये टाकतो. जागा मोकळी करून रिकव्हरी चालवेपर्यंत वाचनही बंद. याच घाईत जागा करायला लॉग फाइलच उडवल्या जातात, आणि मग रिकव्हरीला आधारच राहत नाही. वापरून झालेले लॉग काढायला डीबी-आर्काइव्ह हे साधन आहे, आणि त्याची आवृत्ती स्लॅपडी ज्या लायब्ररीवर चालतो तिच्याशी जुळायला हवी. चालू स्लॅपडीखाली डीबी-रिकव्हर चालवणं तर स्वतःच्या हाताने डेटाबेस फोडणं आहे.

एमडीबी कुठे गोत्यात आणतो

पहिली गोष्ट मॅक्ससाइज. डेटा फाइल मेमरीत मांडण्याच्या नकाशाची ही कमाल मर्यादा मूळ सेटिंगमध्ये फक्त १०,४८५,७६० बाइट, म्हणजे १० एमबी आहे. डेबियनचं पॅकेज ती १ जीबी करून देतं. हाताने बांधलेल्या सेटअपमध्ये ती १० एमबीच राहते. मर्यादा गाठली की 'मॅपसाइज लिमिट रीच्ड' असा एरर येतो आणि लिहिणं थांबतं. जुनं काहीतरी डिलीट करून जागा करू म्हणाल तर तेही अडतं, कारण डिलीट करायलाही नवं पान लागतं. पासवर्ड पॉलिसी चालू असेल तर चुकलेल्या लॉगिनचीही नोंद लिहिली जाते, त्यामुळे लक्षण आधी लॉगिनमध्ये दिसतं. ६४ बिट मशीनवर ही मर्यादा म्हणजे फक्त पत्त्यांची जागा, रॅम नव्हे. डेटा ३०० एमबी असला तरी १० जीबी बिनधास्त द्यावी.

दुसरी गोष्ट वेगाच्या मोहाने लावलेले स्विच. डीबीनोसिंक लावला तर सिगकिल पचतो, पण लाइट गेली की पानं कोणत्या क्रमाने डिस्कवर पोचली याची खात्री नसते. मेटा पान नवं आणि डेटा जुना अशी जोडी होऊ शकते. म्हणजे एमडीबीचा मूळ फायदाच आपण काढून टाकतो. नोमेटासिंक त्या मानाने सौम्य: शेवटचा व्यवहार जाईल, रचना टिकेल. राइटमॅप लावला तर डिस्क भरल्यावर एररऐवजी प्रोसेसच सिगबसने मरते. मोठा डेटा एकदा आत ओतण्यापुरतं हे ठीक. रोजच्या डिरेक्टरीत वाचन भरपूर आणि लेखन तुरळक असतं, तिथे या स्विचांची काही गरज नाही.

तिसरी: डेटा फाइल एनएफएसवर (नेटवर्कवरच्या डिस्कवर) ठेवू नये. चौथी: लांबलेला वाचक (बराच वेळ उघडं राहिलेलं वाचन) जुनी पानं मोकळी होऊ देत नाही, फाइल फुगते आणि फुगलेली आपोआप आटत नाही. एमडीबी-कॉपी कॉम्पॅक्ट पर्यायाने चालवून नवी फाइल काढावी लागते. चालू फाइल साध्या कॉपीने उचलणं मात्र धोक्याचं. त्या प्रतीत दोन वेळांची पानं मिसळलेली निघतात.

सिस्टमडीची ९० सेकंदं

खराबीची सुरुवात बऱ्याचदा इथे होते. थांबवताना सिस्टमडी आधी सिगटर्म (थांब असा सौम्य सिग्नल) देतो आणि मूळ सेटिंगमध्ये ९० सेकंदांनी सिगकिल. बर्कलीची कॅश मोठी आणि डिस्क सुस्त असेल तर शेवटचा चेकपॉइंट तेवढ्यात पुरा होत नाही. मग पुन्हा सुरू होताना रिकव्हरी लागते, आणि फोर्किंग किंवा नोटिफाय प्रकारच्या युनिटला सुरुवातीलाही तीच ९० सेकंदांची मर्यादा असते. रिकव्हरी चालू असतानाच सिस्टमडी तिला मारतो, आपोआप रीस्टार्ट लावलेला असेल तर परत सुरू करतो, परत मारतो. डेटाबेस दुरुस्त होण्याजोगा असतो, त्याला होऊ दिलं जात नाही इतकंच.

उपाय सोपा आहे. सिस्टमसीटीएल एडिटने ड्रॉप-इन (सेवेची जादा सेटिंग फाइल) करावं, टाइमआउटस्टॉपसेक ६०० आणि टाइमआउटस्टार्टसेक १८०० किंवा इन्फिनिटी ठेवावं. मूळ युनिट फाइलला हात लावू नये, पॅकेज अपडेट ती पुसतं. एमडीबीला याची निकड कमी, पण ड्रॉप-इन असलेलं बरं: सिंकप्रोव्ह ओव्हरले (दुसऱ्या प्रतींना बदल पाठवणारा भाग) आपली ताजी खूण नीट थांबतानाच डेटाबेसमध्ये लिहितो. सिगकिल बसला तर पुढच्या वेळी ती शोधायला नोंदी चाळाव्या लागतात. सिंकप्रोव्ह-चेकपॉइंट १०० १० असं ठेवलं की दर १०० बदलांनी किंवा १० मिनिटांनी खूण लिहिली जाते.

डिस्क खरं बोलते का

चारही इंजिनं एफसिंकवर (डेटा डिस्कवर पक्का लिहायला सांगणारा आदेश) विसंबून आहेत. डिस्कने "लिहिलं" म्हटलं आणि ते तिच्या अस्थिर कॅशमध्येच राहिलं, तर कोणतंही इंजिन वाचवू शकत नाही. व्हीएम चालवणाऱ्या क्यूईएमयूत कॅश अनसेफ मोड फ्लशच (डिस्कला दिलेला तोच आदेश) गिळतो. डिरेक्टरीच्या व्हीएमला तो कधीच नको. नन किंवा राइटबॅक चालतील, ते फ्लश पुढे पोचवतात. रेड (RAID) कंट्रोलरवर राइटबॅक असेल तर बॅटरी जिवंत आहे का ते पाहावं. एक्सटी४ वर बॅरिअर बंद करू नये. ॲक्टिव्ह डिरेक्टरी याबाबत जास्त काटेकोर: डोमेन कंट्रोलर (तिचा सर्व्हर) आपल्या डेटाबेसच्या डिस्कची राइट कॅश स्वतःच बंद करायला बघतो.

त्या बदल्यात ॲक्टिव्ह डिरेक्टरीचं वेगळं दुखणं आहे. व्हीएमचा जुना स्नॅपशॉट परत लावला तर फाइल निर्दोष असूनही यूएसएन (बदलांचा क्रमांक) रोलबॅक होतो आणि कंट्रोलर्समध्ये मेळ राहत नाही. विंडोज सर्व्हर २०१२ पासून व्हीएम-जनरेशन-आयडीने हे ओळखता येतं, पण हायपरव्हायझरने तो पुरवायला हवा. आणि अँटिव्हायरसला डेटाबेस व लॉगच्या फोल्डरची सूट द्यायला विसरू नये.

निवड

फक्त लिनक्स, मेल आणि वायफायसाठी यादी हवी असेल तर ओपनएलडॅप २.५ किंवा त्यापुढचा, एमडीबीवर. बिघडू शकणारे भाग सगळ्यात कमी त्याचेच. रेड हॅटच्या गोतावळ्यात असाल तर त्यांनी ओपनएलडॅप सर्व्हर आठव्या आवृत्तीपासून काढून टाकला आहे, तिथे ३८९ घ्या. आणि आधीच बर्कलीवरचा ३८९ असेल तर डीएससीटीएलमधला बीडीबी-टू-एमडीबी हा आदेश आहेच. विंडोजच्या मशिनी जास्त असतील तर ॲक्टिव्ह डिरेक्टरी, पण किमान दोन कंट्रोलर. दुसरी प्रत चौघांनाही हवीच. रेप्लिकेशन बदल पाठवतं, पानं पाठवत नाही, म्हणून एका मशीनची फुटलेली फाइल दुसरीकडे पसरत नाही. चुकून डिलीट केलेली शाखा मात्र तत्काळ पसरते, म्हणून रात्रीचं स्लॅपकॅटही (सगळा डेटा मजकूर फाइलमध्ये काढणारं साधन) हवं. ते चालू सर्व्हरवर घेता येतं.

एचडीबीवर राहणं हा पर्यायच मानत नाही. २.५ मध्ये तो बॅकएंड काढून टाकला आहे आणि नवा स्लॅपडी जुन्या फाइल वाचूच शकत नाही.

एचडीबीतून निघताना

क्रम महत्त्वाचा. ओएस अपग्रेड करण्याआधी, जुन्याच स्लॅपडीवर कॉन्फिग (क्रमांक ०) आणि डेटा असे दोन वेगळे एलडिफ (डिरेक्टरीच्या मजकूर फाइल) काढा. डेटाचा क्रमांक सेंटओएस ७ वर सहसा २, डेबियनवर १ असतो. कॉन्फिगच्या एलडिफमध्ये एचडीबीच्या जागी एमडीबी करा: मॉड्यूल, डेटाबेसचं नाव आणि ऑब्जेक्टक्लास, तिन्ही ठिकाणी. बर्कलीच्या कॅशसंबंधीच्या ओळी आणि डीबी-कॉन्फिगच्या ओळी काढा, मॅक्ससाइज घाला. ॲक्सेसलॉगचा (बदलांच्या नोंदींचा) वेगळा डेटाबेस असेल तर त्यालाही मॅक्ससाइज लागतो. हा हमखास राहून जातो.

स्लॅपडी बंद ठेवून, रिकाम्या फोल्डरमध्ये स्लॅपॲडने आधी कॉन्फिग, मग डेटा भरा. क्यू पर्यायाने ते झपाट्याने होतं, पण तपासण्या गाळल्या जातात आणि मधेच तुटलं तर तो डेटाबेस टाकून पुन्हा सुरुवात करायची, दुरुस्तीच्या नादी लागायचं नाही. हे सगळं रूट म्हणून केलं असेल तर फाइल रूटच्या मालकीच्या होतात, आणि डेबियनवर ओपनएलडॅप किंवा रेड हॅटवर एलडॅप या यूजरने चालणारा स्लॅपडी त्या उघडू शकत नाही. तो एरर डेटाबेस खराब झाल्यासारखा दिसतो, म्हणून सुरू करण्याआधी दोन्ही फोल्डरची मालकी बदला. मग नव्या स्लॅपकॅटमधल्या डीएन ओळींची (प्रत्येक नोंदीच्या नावाची ओळ) संख्या जुन्या एलडिफशी जुळवा, आणि यूजर यायच्या आत एकदा मुद्दाम सिगकिल देऊन सर्व्हर पुन्हा उठतो का ते पाहा.